चाक नको, दांडा

स्ट्रोकनंतर वैजयंतीचा डावा हात खांद्यातून उचलला जायचा, पण मूठ वळायची नाही. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलमध्ये तिने वर्षानुवर्षं लोकांना भूल दिली होती. आता फिजिओ तिला स्पंजचा चेंडू दाबायला लावत होती. तिला मात्र काळजी होती ती बोटीची.

हिवाळ्यात खाडीवर जाऊन बदकांची शिकार करायची, हा नाद तिला एका सहकारी डॉक्टरने लावला होता. तो रिटायर होऊन स्कॉटलंडला गेला, नाद राहिला. तिची बोट छोटीशी, अॅल्युमिनियमची. मागच्या इंजिनाची दांडी डाव्या हाताने धरायची. ती ढकलली की बोट वळायची, पिळली की वेग वाढायचा. सगळा कारभार नेमका त्याच हाताचा.

"विकून टाक आता," तिचे पती मुरलीधर म्हणाले.

"बोटं चालत नाहीत म्हणून बोट विकू?"

नवऱ्याला हसू आलं, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. "मग निदान गाडीसारखं चाक तरी बसव. उजव्या हाताने वळवशील."

बोटयार्डच्या सँड्राने चाकवाली बोट ट्रायलला दिली. शनिवारी दोघं निघाले, बरोबर कुत्री जिंजर. चाकाचा खोका मधोमध असल्यामुळे जिंजर कशीबशी थव्याला भुलवायच्या प्लास्टिकच्या बदकांच्या पिशवीवर बसली. मोकळ्या पाण्यात बोट झकास चालली.

"बघ, म्हटलं नव्हतं?" मुरलीधर खूश झाले.

मग खाडीचा अरुंद फाटा आला. ओहोटी लागलेली. वळणावर वेग कमी करायला वैजयंतीने चाक सोडून बाजूचा खटका धरला. तेवढ्यात प्रवाहाने बोट फिरवली आणि तिचं टोक चिखलात घुसलं. वल्ह्याने रेटून पाहिलं, तर अजूनच रुतली. बघता बघता पाणी निघून गेलं. आता भरती येईपर्यंत बसून राहणं आलं.

मुरलीधरनी थर्मासमधला चहा ओतला.

"पुरे झालं ना आता?"

"काय चुकलं ते कळलं मला. धड हात एकच आहे, तर वळण आणि वेग दोन्ही त्याच हातात पाहिजेत."

"वैजू, तू किचनमध्ये पडलीस तेव्हा मी शेजारी होतो. इथे एकटी येशील तेव्हा कोण असणार आहे?"

तिने चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाली, "तुम्ही या ना."

"मला बंदुकीचा आवाज सहन होत नाही."

"कानात बोळे घाला. पण बोट मी विकणार नाही, अहो."

पुढच्याच आठवड्यात तिने आपल्या बोटीत उजव्या कडेला एक उभा दांडा बसवून घेतला. पुढे ढकलला की बोट एकीकडे वळायची, मागे ओढला की दुसरीकडे. वेगाचा खटका त्याच्याच डोक्यावर, अंगठ्याखाली. मधली जागा रिकामीच राहिली. सँड्राने बजावलं होतं की सवय मोडायला वेळ लागेल. लागलाच. डावीकडे जायचं असताना वैजयंती उजवीकडे जायची, काठावरच्या लव्हाळ्यात घुसायची, स्वतःवर चिडायची आणि पुन्हा सुरुवात करायची. पावसातसुद्धा तिने खाडा केला नाही. मुरलीधरनी एकच अट घातली: पडल्यावर इंजिन बंद करणारी दोरी पायाला बांधल्याशिवाय निघायचं नाही. ती तिने मान्य केली.

नोव्हेंबरात ती पुन्हा त्याच फाट्यात शिरली. पुढे मुरलीधर दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसले होते. वळण आलं. तिने अंगठ्याने वेग उतरवला, दांडा सावकाश मागे ओढला. चिखलाच्या अगदी जवळून बोट गोल फिरली आणि सरळ झाली. मुरलीधरनी कड सोडली.

लव्हाळ्याच्या आडोशाला थांबल्यावर बदकांचा थवा वरून आला. डाव्या तळहातावर बंदूक टेकवून तिने बार काढला. जिंजर ताडकन उठली, पण पाण्यात काहीच पडलं नाही.

मुरलीधरनी एका कानातला बोळा काढला. "लागलं?"

"नाही. थोडक्यात हुकलं."

"मग, घरी?"

"छे! अजून थोडं पुढे जाऊ. तिथे आडोसा चांगला आहे."

त्यांनी बोळा पुन्हा कानात कोंबला आणि जिंजरला जवळ ओढून घेतलं. वैजयंतीने इंजिन सुरू केलं.