मुंढ्याचा गोलावा

मला कुलपं उघडायचा छंद आहे. असं सांगितलं की लोक आधी स्वतःचा खिसा चाचपतात आणि मग हसतात. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. घरी आलो की गाडीच्या वायपरमधल्या पोलादी पट्ट्या कानशीने घासून त्यांचे वाकडे आकडे करतो. आकडा कुलपात घालायचा आणि आतल्या खुंट्या एकेक करून उचलायच्या. नियम एकच, कुलूप स्वतःचं हवं. माझ्याकडे एकतीस आहेत. त्यातली नऊच मला तोवर उघडता आली होती.

बाबा शिंपी होते. आता त्यांना कालचं आठवत नाही, चाळीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचं छातीचं माप मात्र आठवतं. मागच्या वर्षी ते फिरायला गेले आणि संध्याकाळी भलत्याच वस्तीत सापडले. ताई म्हणाली, "पुन्हा हरवले तर मी सरळ वृद्धाश्रमात नाव घालणार. तुझ्याच्याने व्हायचं नाही हे." ताई बोलते ते करते. म्हणून मी दाराला दोन्ही बाजूंनी चावी लागणारं कुलूप बसवलं आणि कामावर जाताना बाहेरून लावून जाऊ लागलो. बापाला कोंडून ठेवायचं मला रोज वाईट वाटायचं, आणि रोज मी कुलूप लावायचो.

एका संध्याकाळी बाबांनी माझा आकडा उजेडात धरला.

"गोलावा चुकलाय," ते म्हणाले. "बाहीचा मुंढा असा कापला असता तर गिऱ्हाइकाचा हात वर गेला नसता."

खिशातला खडू काढून त्यांनी टेबलावर रेघ मारली. मला राग आला. दोन दिवसांनी मी तसाच आकडा केला आणि दहावं कुलूप उघडलं. आठवड्याभरात तो आकडा हरवला. बाबांना विचारलं, तर म्हणाले, आठवत नाही. त्यांचं हे उत्तर कुणीही मान्य करतं.

परवा दाराच्या कुलपाच्या तोंडाशी ओरखडे दिसले. बारीक, ताजे, आतून आणि बाहेरूनही. दुसरा कुणी चोराच्या भीतीने गारठला असता. मी भिंग आणलं. ओरखड्यांची वळणं मी ओळखली, ती खडूच्या रेघेवरूनच आली होती.

म्हणजे जाताना आतून उघडायचं, बाहेरून लावायचं. परत आल्यावर उघडायचं आणि पुन्हा आतून लावायचं. दिवसाला चार वेळा. हे कुलूप मला आकड्याने आजवर एकदाही उघडता आलेलं नाही. काळजी वाटायच्या आधी मला बाबांचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

काल दुपारीच घरी आलो आणि सवयीने आतून कुलूप लावलं. घर रिकामं होतं. तेव्हा मात्र ताईचा नंबर काढला, तोच दारात खुडखुड सुरू झाली. बाबांचा हात हल्ली थरथरतो. अकरा मिनिटं लागली. चावी माझ्या खिशात होती आणि मी श्वास रोखून उभा होतो.

दार उघडलं.

"लवकर आलास?" बाबांनी विचारलं.

"कुठे गेला होतात?"

"आपल्या जुन्या दुकानापर्यंत. आता तिथे मोबाइलवाला बसतो. बसू देतो मला."

"रोज जाता?"

"रोजचं कोण लक्षात ठेवतं?"

मी चावी पुढे केली. "ही ठेवा तुमच्याकडे."

"ठेवीन कुठेतरी आणि विसरेन," ते म्हणाले. "बोटं कुठे ठेवावी लागत नाहीत."

मग वळून त्यांनी आतून कुलूप लावलं. दोन मिनिटांत.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "कुलूप भक्कम आहे ना?"

"आहे. मला उघडत नाही."

मी आकड्याला जाड मूठ बसवली. बाबांनी शर्टाला आतून एक लांबट खिसा शिवला. त्याच्या खाली माझा नंबर शिवा म्हटलं, तर कुरकुरत तोही शिवला. सातचा आकडा जरा वाकडा आलाय.

आज सकाळी निघताना मी दार उघडंच ठेवणार होतो. बाबा कपडे करून खुर्चीत बसले होते, माझ्या जाण्याची वाट बघत. मी नेहमीसारखं कुलूप लावलं आणि जिन्यात थांबलो. सहा मिनिटांनी खुडखुड थांबून कुलूप उघडल्याचा खटका झाला, तेव्हा कामाला गेलो.