अक्षर मोठं करण्याची सोय

तीन वर्षांपूर्वी आलेल्या एका ईमेलला प्रूफकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. चहा गाळताना, पुस्तकांवरची धूळ झटकताना ते पत्र मध्येच आठवायचं आणि कान गरम व्हायचे.

पत्र एका अनोळखी बाईंचं होतं. ‘मी दिवसभर पडदे शिवते आणि उरलेल्या वेळात लिनक्सवरचे प्रोग्रॅम उसवून बघते,’ असं त्यांनी लिहिलं होतं. छापखान्यात प्रूफं तपासून निवृत्त झाल्यावर काकांनी धडपडत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, संगणकावर पुस्तकं वाचण्याचा. आणि कोणीही घ्यावा, बदलावा म्हणून इंटरनेटवरच्या सगळ्यांसाठीच्या साठ्यात खुला ठेवला होता. बाईंची आई त्यावर वाचायची, पण अक्षर फार बारीक. म्हणून बाईंनी चाळीस ओळींची दुरुस्ती पाठवली होती. अधिकचं बटण दाबलं की अक्षर वाढायचं आणि ओळी आपोआप नव्याने दुमडायच्या. ‘घेण्याजोगी वाटली तर घ्या. नाही तर तसं कळवा, मला वाईट वाटणार नाही. आई गावी असते, तिच्याकडे साठ्यात येईल तेच उतरतं. ती रोज विचारते.’

दुरुस्ती इतकी नेटकी होती की तिच्याशेजारी काकांना स्वतःचं काम ठिगळासारखं दिसू लागलं. अशा बाईंना आपण काय लिहिणार? त्यांनी चार मसुदे केले. चारही खोडले.

मग एका दुपारी मेहुणी आपला जुना लॅपटॉप काखेत मारून आली. “भाऊजी, दुकानदार म्हणतो भंगारात द्या.”

“त्यांच्यासमोर भंगार म्हणू नकोस,” काकू आतून म्हणाल्या. “आता जेवायला उठायचे नाहीत.”

काकांनी लॅपटॉपवर लिनक्स, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली खुली संगणक-प्रणाली, चढवायला घेतलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. अशा वेळी त्यांना नेहमी वाटायचं, की कधी न पाहिलेल्या एका मोठ्या गावात घराघरांतून दिवे लागत आहेत. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी वाकून बसलेलं. ना ओळख ना पाळख, आणि तरी सगळे एकमेकांच्या अंगणातून ये-जा करताहेत. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत त्यांच्या मनगटावर आलं तरी ते त्या गावातच होते.

“भाऊजी, झोपलात की काय?”

“नाही, नाही.” त्यांनी घाईघाईने सगळ्यांसाठीच्या साठ्यातून आपला प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि एक कादंबरी उघडून दिली. “आता अधिकचं बटण दाबा. अक्षर हवं तेवढं मोठं होईल.”

मेहुणीने दाबलं. पुन्हा दाबलं. “काही होत नाही हो. का माझीच नजर आणखी गेली?”

काकांनी स्वतःच्या संगणकावर तेच बटण दाबलं. अक्षरं कणकेसारखी फुगली. मग त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या आणि खुर्चीत मागे टेकले.

या कामाची रीत अशी, की बदल आधी आपल्या संगणकात नोंदवायचा आणि मग वेगळी आज्ञा देऊन साठ्यात पाठवायचा. काकांनी बाईंच्या नावानिशी नोंद केली होती. ‘एकदा नीट वाचू, मग पाठवू’ म्हणून ते थांबले. पाठवल्याशिवाय उत्तर कसं लिहायचं, आणि उत्तर जमल्याशिवाय पाठवायचं कसं? या घोळात पाठवणं राहिलं, आणि ते राहिलंय हेही ते विसरले. कारण त्यांच्या पडद्यावर अक्षर रोज मोठं होत होतं.

“चेहरा का पडला?” काकू हात पुसत आल्या.

काकांनी अडखळत सगळं सांगितलं.

“म्हणजे त्या बाईंनी शिवलेलं तीन वर्षं तुम्ही एकट्यानेच अंगावर घातलंत?” मेहुणी म्हणाली. “धन्य आहे!”

“त्यांची आई अजून असेल का?” काका म्हणाले.

“ते तुम्हाला इथे बसून कळणार आहे का?” काकू म्हणाल्या. “जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्यात. आता स्वतःच्या चुकीवर एक करा आणि मोकळे व्हा.”

काकांनी आज्ञा दिली. दोन क्षणांत काम झालं. मेहुणीच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम पुन्हा उतरवला. तिने बटण दाबलं, अक्षर मोठं झालं आणि ती वाचू लागली. मग पान उलटलं. मग आणखी एक.

काका पत्र लिहायला बसले. आधी माफीचे तीन परिच्छेद झाले. ते वाचून त्यांनाच कंटाळा आला. सगळं पुसून त्यांनी लिहिलं:

‘तुमची दुरुस्ती आज सगळ्यांपर्यंत गेली. तीन वर्षं ती फक्त माझ्याकडे अडकली होती, चूक माझी. मी रोज तिच्यामुळे वाचत होतो. आई वाचतात का, हे विचारायचा हक्क मला नाही, तरी विचारतो. साठ्याची एक किल्ली तुमच्याकडे असावी असं वाटतं, म्हणजे कुणाचं काम पुन्हा माझ्यापाशी थांबणार नाही.’

दुसऱ्या वाक्यातला स्वल्पविराम त्यांना खटकला. त्यांचं बोट तिकडे वळलं, थांबलं.

“त्या दुकानदाराला कळवू का मी, की माझा लॅपटॉप जिवंत आहे?” मेहुणी पानातून डोकं न काढता म्हणाली.

“कळवा,” काका म्हणाले, आणि त्यांनी पत्र होतं तसं पाठवून दिलं.