न तपासलेली घंटी

माझ्या कानांचा मला भारी माज होता. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांत उभ्या असलेल्या आमच्या स्टेशनात बसून मी सोळा वर्षं अटलांटिकवरच्या विमानांशी बोलत होते. कॅप्टन नुसता खाकरला तरी मी त्याचं नाव सांगायची.

त्या दिवशी साडेअकराला लंडनहून येणारं मेरिडियन कंपनीचं विमान, मेरिडियन चौऱ्याण्णव, माझ्या ताब्यात आलं. कॅप्टन लिंडक्विस्ट म्हणाले, "लॉर्ना, आमच्या घंटीची अक्षरं घे."

प्रत्येक विमानाच्या घंटीला चार अक्षरं असतात. इथून तेवढीच दाबली की त्याच विमानात घंटी वाजते. मग पायलट कानांवरचे हेडफोन काढून जेवायला मोकळे, कारण तासन् तास तो खरखराट कोण ऐकणार? म्हणून नियम साधा होता: आधी अक्षरं विचारायची, घंटी वाजवायची, तिकडून 'वाजली' आलं की मगच कागदावर खूण करायची.

"राहू द्या हो," मी म्हटलं, "अकरा दिवस तुमचीच घंटी वाजवतेय. झोपेत विचारलं तरी सांगेन."

"बरं बाई, तू म्हणशील तसं," म्हणत ते हसले. मी खूण केली आणि पुढचं विमान घेतलं. रांगेत सहा जण होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी विमानांच्या वाटा ठरवणाऱ्या कंट्रोलचा फोन आला. समोरून येणाऱ्या एका मालवाहू विमानाची दोन इंजिनं बंद पडली होती. ते त्याच वाटेवर हळूहळू खाली येत होतं, आणि मेरिडियन नेमकं त्याच्या खाली होतं. दोघं समोरासमोर येण्याआधी मेरिडियनला चार हजार फूट वर चढवायचं होतं, म्हणजे ते खालून निघून गेलं असतं. हातात चौदा मिनिटं होती.

मी अक्षरं दाबली. उत्तर नाही. पुन्हा दाबली, मग हाका मारल्या. "मेरिडियन चौऱ्याण्णव, मेरिडियन चौऱ्याण्णव." नुसती खरखर.

आमचे मुख्य मिस्टर हॅगर्टी हातातलं सँडविच टाकून माझ्या मागे येऊन उभे राहिले. "घंटी तपासली होतीस ना?"

"खूण आहे की," मी म्हटलं.

अकरा मिनिटं उरली.

"त्यांच्या आसपास कोण आहे?" हॅगर्टींनी विचारलं.

"मागे ऐंशी मैलांवर नॉर्थ कोस्ट सात. पण मेरिडियनशी त्यांचं हाडवैर आहे."

"अगं, म्हणून तर आपली ही रेडिओ कंपनी निघाली! माझ्या पोरवयात प्रत्येक विमान कंपनीचा रेडिओचा खांब वेगळा होता. सगळे एकावर एक ओरडायचे आणि धुक्यातलं विमान बिचारं कोणालाच ऐकू यायचं नाही. शेवटी हाडवैऱ्यांनीच पैसे घालून सगळ्यांसाठी एकच कान ठेवला. बोलाव त्याला."

मी बोलावून मेरिडियन उत्तर देत नसल्याचं सांगितलं. नॉर्थ कोस्टचा कॅप्टन डुगन जिभेचा तिखट होता. "मेरिडियनवाले झोपले काय? आमची तिकिटं घ्या म्हणावं, आम्ही जागे असतो!"

"डुगन, समोरून विमान त्यांच्यावर उतरतंय. नऊ मिनिटं आहेत."

त्याचा आवाज क्षणात बदलला. "जवळच्या रेडिओवर हाका मारतो."

विमानं आपसात बोलतात तो रेडिओ पायलटांसमोरच्या भोंग्यावर चालू असे, पण आम्हाला ऐकू येत नसे. हॅगर्टी माझ्या खुर्चीमागून उरलेली मिनिटं मोजत होते. आठ. सात. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. सहा.

"न्यूयॉर्क, नॉर्थ कोस्ट सात," डुगनने आमच्या स्टेशनाला हाक दिली. "सापडले. चढतायत."

चौदावं मिनिट संपलं तेव्हा लिंडक्विस्ट स्वतः रेडिओवर आले. "सदतीस हजारांवर आहोत. ते आत्ता आमच्या खालून गेलं. घंटी का नाही वाजवलीत?"

हॅगर्टी घाम पुसत हळूच म्हणाले, "लिही, विमानातली घंटी नादुरुस्त. विषय संपला."

किती सोपं होतं ते! आमचं बोलणं नोंदवणारी टेप महिनाभराने पुसली जायची. तिकडे न्यूयॉर्कला कुणी मेकॅनिक घंटीचा तो धडधाकट डबा उघडून बसला असता आणि शिव्या खाल्ल्या असत्या त्याने. मी पेन्सिल उचललीसुद्धा.

"मेरिडियन, तुमची अक्षरं सांगा," माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी सांगितली. वेगळी होती. रोजचं विमान लंडनला दुरुस्तीला ठेवून आज दुसरंच आणलं होतं. अक्षरं विमानाची असतात, फेरीची नसतात. शिकाऊलाही ठाऊक असलेली गोष्ट. मी ती दाबली.

"वाजली," ते म्हणाले. "छान वाजते की. मग मघाशी काय झालं?"

त्याच रेडिओवर सहा विमानं ऐकत होती. हॅगर्टी मान हलवून नको म्हणत होते. लाजेने माझे कान तापले होते.

"मघाशी मी दुसऱ्याच विमानाची घंटी दाबत होते, कॅप्टन. तुम्ही अक्षरं देत होता, मीच घेतली नाहीत. न तपासता खूण केली."

मी कागदावरच्या खुणेवर आडवी रेघ मारली आणि शेजारी माझं पूर्ण नाव लिहिलं: लॉर्ना विसोकी. हॅगर्टींनी तो कागद काढून घेतला. आता तो वर जाणार आणि माझी खुर्ची जाणार, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"मागे एकशे बारा माणसं जेवतायत, लॉर्ना," अखेर लिंडक्विस्ट म्हणाले. "पुन्हा वाजव. मला परत ऐकायचीय."

मी हॅगर्टींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत मी ती घंटी पुन्हा वाजवली.