रेगालियानची चिठ्ठी

वुकाशिनने नाण्यांच्या कपाटाचा सातवा खण ओढून टेबलावर घेतला आणि भिंग डोळ्याला लावलं. पाठ सकाळपासून ठणकत होती. तीन जिने चढताना गुडघ्यांनी पुकारलेला संप अजून मिटला नव्हता. पण यादी त्यालाच करायची होती. नाणी मित्रोवित्साच्या संग्रहालयाला द्यायची आणि यादी वुकाशिननेच करायची, असं तिहोमिर मरण्याआधी बायकोला बजावून गेला होता. म्हातारा जाता जाता कामाला जुंपून गेला, तेही तीस वर्षं अबोला धरलेल्या माणसाला!

"लिहा वहिनी. गालियेनस, मागच्या बाजूला हरीण. बरं आहे. पुढचं क्लॉडियस. घासून घासून वाट लावलीय त्याची."

तिहोमिरची बायको स्तामेना वहीत लिहीत होती. शाळेत जन्म घालवलेली बाई, अक्षर गोल आणि सुबक. कालच तिहोमिरच्या मरणाचा चाळिसावा दिवस घातला होता. त्या विधीतला उरलेला उकडलेला गहू बशीत तसाच पडला होता.

"हे सगळे रोमन सम्राट मेले कशाने हो?"

"आपल्याच शिपायांच्या हातून, बहुतेक. हा क्लॉडियस तेवढा रोगाने गेला. इथेच, आपल्या गावात."

"मग सम्राट व्हायला तयार तरी कोण व्हायचं?"

"विचारत कोण होतं, वहिनी? जांभळा झगा अंगावर टाकला की झालं. बिचाऱ्याने पुढचे दिवस मोजायचे."

ती हसली. वुकाशिनलाही जरा बरं वाटलं. या घरात तो शेवटचा हसला, तेव्हा त्याच्या आणि तिहोमिरच्याही डोक्यावर केस होते.

प्रत्येक नाण्याखाली एक गोल कागदी चिठ्ठी होती: कुणाकडून घेतलं, कधी, कशाच्या बदल्यात. आधी नाणं ओळखायचं आणि चिठ्ठी मग वाचायची, हा गावातल्या नाणेवाल्यांचा दंडक. उलट केलं की डोळा आळशी होतो म्हणायचे. म्हणून वुकाशिन नुसतीच नाणी उचलून पाहत होता. चिठ्ठ्या खणातच पालथ्या पडल्या होत्या.

तिसऱ्या ओळीतलं एक नाणं उचललं आणि त्याने भिंग आणखी जवळ नेलं.

दाढीवाला चेहरा, डोक्यावर टोकेरी मुकुट, आणि जबड्याखालून डोकावणारा दुसऱ्याच कुणाचा तरी कान. रेगालियान. इथल्याच फौजेने सम्राट म्हणून उचलून धरलेला, जेमतेम काही महिने टिकलेला. नवं नाणं पाडायला सवड नव्हती, म्हणून जुन्या सम्राटांच्या नाण्यांवरच त्याने आपलं तोंड ठोकून घेतलं. जगात अशी मोजकीच उरलीत.

हे एकेकाळी वुकाशिनचं होतं. तेव्हा ते नाणं कुठलं, नांगराखाली सापडलेलं एक हिरवं ढेकूळ होतं. तिहोमिरच्या हातात प्रोबस सम्राटाचं एक देखणं नाणं होतं, अदलाबदल झाली. तिहोमिरने ते ढेकूळ मळ सुटावा म्हणून आठ महिने ऑलिव्हच्या तेलात बुडवून ठेवलं, आणि एका रविवारी कॅफेतल्या बैठकीत येऊन टेबलावर ठेवलं. लहान पोरासारखा हसत होता. वुकाशिन सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुला आधीपासून ठाऊक होतं. चोर आहेस तू." त्यानंतर तीस वर्षं दर रविवारी दोघं त्याच कॅफेत येत राहिले आणि दोन टोकांच्या दोन टेबलांवर बसत राहिले.

"लिहा," वुकाशिन म्हणाला. "गालियेनस. साधं. पुसट."

स्तामेनाचं पेन थांबलं.

"साधं?"

"साधंच की."

तिने लिहिलं. खण संपला तेव्हा ती कॉफी ओतता ओतता म्हणाली, "भावजी, आठवण म्हणून यातलं एक तुम्ही घ्यायचं. त्यांनी सांगून ठेवलंय. हवं ते."

"मग ते साधं गालियेनसच द्या. संग्रहालयात तसली पोत्याने पडलीत."

किती सहज बोलून गेला! पंच्याहत्तरीच्या माणसाचे कान गरम झाले होते. नाणं कोटाच्या खिशात टाकून तो उठायला लागला. जिंकल्यासारखं काही वाटेना. नुसता थकवा आला, हातातलं ओझं उतरावं तर तेच पाठीवर चढावं तसा.

"थांबा, चिठ्ठी राहिली." स्तामेनाने ती खणातून उचलून त्याच्यापुढे धरली. "नाण्याबरोबर चिठ्ठी जाते, हे तुम्हीच ना शिकवलंत मला?"

अक्षर तिहोमिरचं नव्हतं. गोल होतं, सुबक.

'रेगालियान. मार्च १९९२. वुकाशिनकडून ढेकूळ म्हणून, प्रोबसच्या बदल्यात. ओळख पटली नोव्हेंबरात, त्याआधी देवाशप्पथ नाही. नाणं वुकाशिनचं. येईल तेव्हा द्यायचं.'

"जुनी चिठ्ठी तेलाने खराब झाली होती," ती म्हणाली. "त्यांना दिसेनासं झाल्यावर मीच सगळ्या उतरवून काढल्या. मी म्हणायचे, अहो, नेऊन द्या आणि मोकळे व्हा. तर म्हणायचे, चारचौघांत चोर म्हणालाय. आता नेऊन दिलं तर खरंच चोर ठरेन. तो येऊन नुसता माझ्या टेबलाशी बसला तरी देईन."

वुकाशिनने काठी भिंतीला टेकवली आणि पुन्हा खुर्चीत बसला. रविवारच्या त्या दोन टेबलांमध्ये बारा पावलांचं अंतर होतं. त्याने ते कितीदा मनातल्या मनात मोजलं होतं.

"म्हणायचे, वुकाशिन ते अंधारातसुद्धा ओळखेल." स्तामेनाने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं. तिचा आवाज मऊ होता. "वयच झालं आपलं, भावजी. मोतीबिंदू असेल. डोळे दाखवून घ्या एकदा."

एवढं म्हणून तिने साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. त्याने हो म्हटलं असतं, तर गोष्ट तिथेच मिटली असती.

त्याने नाणं खिशातून काढलं आणि चिठ्ठीवर ठेवलं.

"डोळे ठणठणीत आहेत माझे, वहिनी," तो म्हणाला, आणि वहीतली ती ओळ खोडायला त्याने पेन उचललं.