काचपट्टीवरची पलटण

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मावशीचा पाराच चढला.

"घाईबाई! ही काचपट्टी कुणाची?"

घाईबाई म्हणजे लॅबमधली तिची जोडीदारीण. "तुमच्या भाचीची. आत्ताच घशातून काडी फिरवून आणली."

"शक्यच नाही. नमुना बदललाय. यात पांढऱ्या पेशी दिसताहेत!"

भाचीच्या अंगात पांढऱ्या पेशी उरल्या होत्याच कुठे? रक्ताच्या आजारावरच्या औषधांनी त्या पार धुऊन नेल्या, आणि मोकळं रान मिळताच बुरशी घशात पाय पसरून बसली. बुरशीवरचं औषध तिला थोपवत होतं. हुसकावायचं काम मात्र पेशींचंच. तोवर पोर काचेच्या खोलीत बंद. मावशीला रोज दिसायचे ते बुरशीचे धागेच धागे, त्यांच्यासमोर उभं ठाकलेलं कुणी नाही.

"मग तुम्हीच आणा नमुना," घाईबाई फुरंगटली.

मावशी मास्क, झगा चढवून गेली.

"पुन्हा? माझा घसा आहे की विहीर?" कुरकुरत का होईना, भाचीने आ केला.

आवाज जरा मोकळा वाटला का? मावशीने मनाला आवर घातला. देवाचं नाव घेत नवी काचपट्टी रंगवली, पाहिली.

तेच! एका लांब धाग्याला पेशी मुंगळ्यांसारख्या डसल्या होत्या. थोड्याच वेळात रक्ताचा अहवालही तेच सांगत आला. मावशी धावतच काचेपाशी गेली आणि फोन उचलला.

"अगं, तुझी पलटण परतली!"

"पण बुरशी कोण नि मी कोण, त्यांना कळतं कसं?"

"चाचपून. बुरशीच्या अंगावर एक साखर असते, आपल्यात कुठेच नसलेली. ती हाताला लागली की परकं कोण ते समजलं."

"आंधळी कोशिंबीरच की! मग?"

"बारीक असेल तर गिळायचं. लांब धागा गिळवत नाही. मग काही पेशी स्वतः फुटतात आणि आपल्याच आतल्या तंतूंचं जाळं त्याच्यावर टाकतात."

भाची डोळे मिचकावून म्हणाली, "म्हणजे त्यांनी परक्याला न पाहता ओळखलं. आणि तू? घरचीच माणसं समोर आली, तर म्हणालीस नमुना बदललाय!"

मावशी हसता हसता रडली. मागून घाईबाईचा आवाज आला, "तेच म्हणते मी. आता माझी माफी कोण मागणार?"