शेवटचं ‘इश्श’

अठ्ठ्याहत्तर साली नाशिक रोडच्या कॉलनीतल्या नाट्यमंडळाने एक जुनं नाटक बसवायला घेतलं. बायकांच्या भूमिका पुरुष करायचे, त्या काळातलं. लताबाईंच्या वाट्याला त्यातली यमुना आली. नाटकभर नवऱ्याला, म्हणजे रावसाहेबांना, चहा आणून द्यायचा, ‘इश्श, मला मेलीला काय कळतंय!’ म्हणायचं आणि आत जायचं.

“वहिनी, तुमचं काम अगदी सोपं,” दिग्दर्शक रंगनाथराव म्हणाले. “लाजायचं आणि सुटायचं.”

कणीक भिजवून झाली की लताबाई नाटक घेऊन बसायच्या. वाचता वाचता त्यांना हसू फुटलं. रावसाहेबांची प्रत्येक अडचण यमुनाच तर सोडवत होती! चहा ठेवता ठेवता सहज काहीतरी सुचवायची, ‘मला मेलीला काय कळतंय’ म्हणून आत जायची, आणि रावसाहेब तीच अक्कल स्वतःची म्हणून मित्रांपुढे मिरवायचे. शेवटी मुलीचं लग्न ठरतं. ‘बायकांच्या बुद्धीने चाललो असतो तर बुडालोच असतो!’ असं रावसाहेब भाषण ठोकतात. यमुना दारातून नुसतं ‘इश्श’ म्हणते. पडदा.

नेमकं तेच ‘इश्श’ रंगनाथरावांनी कापलं.

“भाषणाला टाळी येईल. तिथेच पडदा पाडू.”

“अहो, मग रावसाहेबच जिंकले की!”

“जिंकणारच. हिरो आहे तो.”

“नाटक त्यालाच हसायला लिहिलंय, रंगनाथराव.”

“वहिनी, त्या काळी बायकांना एवढी अक्कल कोण देत होतं? उगाच खोलात शिरू नका. नऊवारीचं काय केलंत, ते सांगा.”

रावसाहेब झालेला देवराम फिदीफिदी हसला. पण त्या एका शब्दावाचून यमुना खरोखरच बावळट ठरणार, हे काही लताबाईंच्या मनातून जाईना.

प्रयोगाला पडद्याची दोरी फकिराच्या हातात होती. लताबाई त्याच्याजवळ गेल्या. “फकिराभाऊ, मी बोलल्याशिवाय पडदा पाडू नका.”

“पण साहेब म्हनले...”

“तुमच्या घरी शेवटचा शब्द कोणाचा असतो?”

फकिरा ओशाळून हसला. “मंडळीचा.”

“मग झालं तर!”

भाषण संपलं, टाळी पडली. देवराम मिशीला पीळ देत पडद्याची वाट बघत राहिला. पडदा पडेना. विंगेत रंगनाथराव हातवारे करत होते. तेवढ्यात लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. लाजल्याबिजल्या नाहीत. नवऱ्याला पगडीपासून जोड्यांपर्यंत न्याहाळलं, प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाल्या, “इश्श!”

आधी बायकांच्या रांगा खिदळल्या, मग सगळा हॉल. देवरामला वाटलं, दाद आपल्यालाच. त्याने वाकून नमस्कार केला, तसे लोक आणखीच हसले. फकिराला हसता हसता दोरीचं भानच राहिलं नाही.

एकदाचा पडदा पडला आणि रंगनाथराव तरातरा आले. लताबाईंनी पदर खोचला. काढलं नाटकातून, तर काढलं! पण त्यांच्या मागोमाग मंडळाचे अध्यक्ष हजर. “रंगनाथ, काय शेवट साधलास रे!”

रंगनाथराव लगेच सावरले. “मुद्दामच तसा बसवलाय,” ते म्हणाले. “दिंडोरीच्या प्रयोगालाही हाच ठेवणार.”

‘इश्श’ वाचलं होतं. लताबाईंनी तोंडाचा रंग काढायला खोबरेल मागितलं.

देवराम घामाघूम होऊन शेजारी टेकला. “वहिनी, कसलं हसवलं ना मी लोकांना!”

“अगदी पोट धरून,” लताबाई म्हणाल्या आणि तेलाची बाटली त्याच्याकडे सरकवली.