पान सत्तेचाळीस

तर झालं असं, की पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर ऋजुता आपल्याच घरात पाहुणी झाली.

पुस्तक मनाच्या आरोग्याचं होतं. आईला कळू नये म्हणून तिने त्याला गणपतीच्या जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं. सीएच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटल्यापासून ती दिवसभर स्वतःला शिव्या घालायची, आणि ती दमली की आई घालायची. तर त्या पानावर लिहिलेलं, 'घरी आलेल्या पाहुण्याशी वागता, तसं स्वतःशी वागून बघा.' ऋजुता म्हणाली, बरं, बघू या. पुस्तक पलंगावर पालथं टाकलं आणि पाणी प्यायला हॉलमध्ये आली.

आई तांब्या-भांडं घेऊन उभीच होती. "या, या. प्रवास बरा झाला ना?"

"आई, मी आतल्या खोलीतून आलेय."

"हो का? लांब पडलं असेल."

खरंच लांब पडत होतं. वळून बघते तर हॉल एस.टी. स्टँडएवढा वाढलेला, आणि आतल्या खोलीचं दार पार टोकाला, पोस्टाच्या तिकिटाएवढं.

पहिला तास मज्जाच मज्जा! सोनेरी काठाचे कप निघाले. पोहे आले, वर खोबरं, लिंबाची फोड. "घ्या हो, लाजू नका," करत आईने तीनदा वाढलं. बाबांनी टीव्हीचा रिमोट हातात दिला. रिमोट! बाबांनी!

मग तिला कसंतरीच व्हायला लागलं.

"मी परत नापास झालेय," ती म्हणाली.

"चालायचंच हो. आणखी थोडे पोहे?"

"तिसऱ्यांदाही होईन बहुतेक."

"तब्येत सांभाळा म्हणजे झालं."

ऋजुताने मुद्दाम कप खाली सोडला. याच सेटमधल्या एका कपाचा कान उडवला म्हणून सातवीत तिला धपाटा बसलेला. कपाच्या ठिकऱ्या झाल्या. आई गोड हसली. "लागलं नाही ना तुम्हाला?"

ते 'तुम्हाला' ऐकून ऋजुताने आईचा पदरच धरला.

"आई, मला एकदा गाढव म्हण ना."

"इश्श! पाहुण्यांना कोणी असं म्हणतं का?"

पुढचं पान वाचायला हवं होतं, उपाय तिथेच असणार. पण ती उठली की आई खांदा दाबून बसवायची, "अहो बसा, आत नुसता पसारा आहे." बाबा घड्याळाकडे बघायला लागले. "साडेपाचची गाडी ना तुमची?" दारातल्या तिच्या चपलांनी आपापली तोंडं रस्त्याकडे वळवली.

"पण मी जायचं कुठे?"

"घरी," बाबा म्हणाले. "वाट बघत असतील."

आईने कुंकू लावलं, हातात नारळ नि ब्लाउजपीस दिलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून खणखणीत ओरडली, "ए ऋजुते! कधीची लोळतेयस ते पुस्तक घेऊन? दोन-दोनदा आपटलीस तरी लाज नाही मेलीला! पाहुण्या निघाल्या, बाहेर ये जरा, गाढवा!"

ऋजुताचे डोळे भरून आले. 'आले गं' म्हणायला तिने तोंड उघडलं.

"आले गं!" आवाज आतून आला.

हॉल आता पुन्हा दहाच पावलांचा झाला होता. एकेक पाऊल नीट ऐकू येत होतं. पडदा हलला. ऋजुताने नारळ छातीशी घट्ट धरला, आणि चपला आपणहून तिच्या पायांत शिरल्या.